हृदयाभोंवतीचें पाणी

आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं घडलेली हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या घरच्या मंडळींची अनुमति आम्हीं घेतली आहे. नांवगांव मात्र सांगत नाहीं. दुखण्याच्या गोष्टी घराच्या चार भिंतींआड राहाव्यात असा आपल्यांतील पुष्कळांचा समज आहे, व त्यांत मर्यादेचा भाग आहे हेंहि आम्ही जाणतों. परंतु जी गोष्ट ठाऊक नसल्यामुळें एका घरांतील माणूस हातचें जातां जातां राहिलें, ती दुसऱ्या घरांत वेळेवर ठाऊक असावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

घर एकत्र कुटुंबाचें. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, आणि सर्वांच्या वर मातोश्री. वय ६७. आळींतील लहानथोर त्यांस काकू म्हणत. जन्मांत त्यांनीं तंबाखूची चिमूट तोंडांत घातली नाहीं, आणि घरांतहि विडीकाडीचें नांव नाहीं. तरी दिवाळीपासून जो कोरडा खोकला लागला तो हटेना. क्ष-किरणांचें चित्र झालें, सी. टी. स्कॅन झाला, सुईनें तुकडा काढून तपासला, आणि उजव्या फुप्फुसांत कर्करोग असल्याचें निश्चित झालें. तिघा भावांनीं आपसांत ठरविलें कीं, आईला हें कळूं द्यावयाचें नाहीं. "छातींत कफ धरला आहे" असें त्यांस सांगण्यांत आलें. गांठीच्या तुकड्याची आणखी एक तपासणी व्हावयाची होती. तिचा निकाल येईपर्यंत उपचार थांबले होते.

मार्गशीर्षांत काकूंस दम लागूं लागला. आरंभीं जिना चढतांना, मग न्हाणीघरापर्यंत जातांना, आणि पुढें आठ दिवसांत बसल्या जागीं. आडवें पडलें कीं जीव घुसमटे, म्हणून मांडीवर उशी घेऊन, पुढें वाकून त्या रात्रभर बसून राहत. पावलांवर सूज आली, मानेच्या शिरा फुगून दिसूं लागल्या, अन्नाचा घांस जाईना. कैलासवासी वडिलांच्या औषधांपैकीं लघवीची एक गोळी घरांत शिल्लक होती. सूज पाहून कोणी तरी ती दिली. दुसरे दिवशीं सकाळीं उठतांना काकूंस भोंवळ आली व हातपाय गार पडले.

त्या दुपारीं माजघरांत तिघे भाऊ बसले. वडील भाऊ म्हणाले, "रोग कोणता आहे हें आपल्याला ठाऊक आहे. आतां आईला दवाखान्यांत नेऊन सुयांनीं टोंचवण्यांत काय अर्थ? घरींच शांतपणें जाऊं दे." या बोलण्यांत मायाच होती. पण मधल्या सूनबाई, ज्या इतके दिवस रात्रीं सासूबाईंजवळ बसत होत्या, त्या दारांतून म्हणाल्या, "भाऊजी, शांतपणें कुठलें? त्यांना श्वास पुरत नाहीं. तो कां पुरत नाहीं, एवढें तरी डॉक्टरांना विचारूं या." पुढचें सारें त्या एका प्रश्नामुळें घडलें.

संध्याकाळीं काकूंस रुग्णालयांत नेलें. छातीवर यंत्राचा लहानसा दांडा फिरवून ध्वनिलहरींच्या योगानें हृदयाचें चित्र पाहतात, ज्यास सर्वत्र 'इको' म्हणतात, तें केल्याबरोबर कारण पडद्यावर दिसलें. हृदयाभोंवतीं पाणी सांचून त्यांत हृदय चेपलें जात होतें. डॉक्टरांनीं छातीच्या मधल्या हाडाच्या टोंकाखालची जागा बधिर करून, इकोच्या चित्राकडे पाहत सुई आंत घातली व त्या वाटेनें एक बारीक नळी बसविली. लालसर पाणी येऊं लागलें. पहिलें शंभर-दीडशें मिलिलिटर निघतांच काकूंनीं मोठा श्वास घेतला, आणि उतरलेला रक्तदाब वर येऊं लागला. उरलेलें पाणी सावकाश काढलें. सकाळपर्यंत एकंदर ७५० मिलिलिटर भरलें. त्या रात्रीं काकू कित्येक दिवसांनीं पाठ टेंकून झोंपल्या.

हें पाणी कोठून येतें, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. हृदय एका दुपदरी पिशवींत बसविलेलें असतें. त्या दोन पदरांमध्यें निरोगी माणसासहि १५ ते ५० मिलिलिटर, म्हणजे एक ते तीन मोठे चमचे, पाणी असतें; वंगणासारखा त्याचा उपयोग होतो. अशा ठिकाणचें पाणी लसीकावाहिन्या वाहून नेतात, आणि त्या फुप्फुसाच्या मुळाशीं व श्वासनळीच्या आसपास असणाऱ्या ग्रंथींस मिळतात. फुप्फुसाचा कर्करोग पसरूं लागला म्हणजे पुष्कळदां प्रथम याच ग्रंथींत शिरतो. मोरीच्या तोंडाशीं गाळ बसला कीं पाणी मागें तुंबतें, तसाच प्रकार येथें होतो. आणि तुंबलेल्या त्या वाटेनें रोगाच्या पेशी उलट्या दिशेनें हृदयाच्या आवरणापर्यंत येऊन पोंचतात. याखेरीज गांठ शेजारून वाढत वाढत सरळ आवरणांत शिरते, किंवा रक्ताबरोबर आलेल्या पेशी हृदयाच्या स्नायूंत रुजतात. क्वचित् फुप्फुसाकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरेंतून गांठ हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यांत उतरते. परंतु आघात बहुतकरून होतो तो आवरणावरच.

हृदयांतच मूळ धरणारी गांठ अत्यंत विरळा. शवविच्छेदनांत ती हजारांत एकाहूनहि कमी आढळते. दुसऱ्या अवयवाकडून हृदयास आलेला कर्करोग तिच्या निदान वीस पट अधिक वेळां सांपडतो, आणि अशा मूळ अवयवांत फुप्फुसाचें नांव अग्रभागीं आहे. यांपैकीं बऱ्याच रोग्यांस जिवंतपणीं हृदयाची कसलीच तक्रार नसते. जेव्हां असते, तेव्हां ती बहुधा या पाण्याची. कधीं नाडी एकाएकीं जलद व अनियमित होते.

पाणी किती सांचलें यापेक्षां तें किती वेगानें सांचलें, यास महत्त्व अधिक. आवरणाची पिशवी चिवट खरी. पण हळू हळू ताणली तर ती लिटरभर पाणीहि मावून घेते. तेंच घाईनें सांचलें तर दोनशें मिलिलिटरहि प्राणावर बेततात. पिशवीची ताणण्याची मर्यादा संपली कीं पाण्याचा सारा दाब हृदयावर येतो. हृदयास आंवळतां येतें, पण पसरतां येत नाहीं. पसरल्यावांचून तें भरत नाहीं, आणि भरल्यावांचून तें पुढें देणार काय? म्हणून मागें रक्त तुंबून मानेच्या शिरा फुगतात व पाय सुजतात, आणि पुढें रक्त न पोंचल्यामुळें भोंवळ येते व हातपाय गार पडतात. अशा वेळीं हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताच्या जोरावरच जें काय चालावयाचें तें चालतें. लघवीच्या गोळीनें तोच जोर कमी होतो. काकूंस सकाळीं भोंवळ कां आली, याचा उलगडा डॉक्टरांनीं असा केला. सूज दिसली म्हणून जुन्या डब्यांतली गोळी काढून देणें किती घातक, हें त्या घराला तेव्हां कळलें.

या व्याधीचें ज्ञान मनुष्यास पायरी पायरीनें झालें. इंग्लंडांतील रिचर्ड लोअर या वैद्यानें १६६९ सालीं हृदयाभोंवतीं पाणी दाटून तें कसें दबतें हें लिहून ठेविलें. श्वास आंत घेतांना नाडी लोपल्यासारखी होते, या लक्षणाचें वर्णन कुसमाउल या जर्मन वैद्यानें १८७३ सालीं केलें. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य क्लॉड बेक यानें १९३५ सालीं तीन खुणा एकत्र मांडल्या: रक्तदाब उतरणें, मानेच्या शिरांतील दाब वाढणें, आणि हृदयाचे ठोके मंद ऐकूं येणें. तरी पाणी प्रत्यक्ष दिसावें कसें, हा प्रश्न उरलाच होता. स्वीडनमधील लुंड येथें १९५३ सालीं एडलर हा वैद्य आणि हर्ट्झ हा पदार्थविज्ञानवेत्ता या दोघांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदयाच्या हालचालीची नोंद घेतली. आणि १९६५ सालीं अमेरिकेंत फायगेनबॉम या वैद्यानें त्याच रीतीनें हृदयाभोंवतीचें पाणी ओळखतां येतें असें दाखविलें. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणींहि हें यंत्र असतें, आणि रोग्यास कोणताहि त्रास न होतां थोडक्या मिनिटांत उत्तर मिळतें. प्रश्न विचारणारा मात्र घरांत असला पाहिजे.

म्हणून आमचें पहिलें सांगणें हें कीं, ज्या घरांत फुप्फुसाच्या अथवा दुसऱ्या कोणत्याहि कर्करोगाचें माणूस आहे, तेथें दम वाढला तर "रोगच तो, दम लागावयाचाच" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. आडवें पडतां न येणें, पुढें वाकून बसल्यानें किंचित् बरें वाटणें, मानेच्या शिरा फुगणें, पायांवर सूज, नाडी बारीक व जलद, उभें राहतांच अंधारी, यांपैकीं दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर दिवस उजाडण्याची वाट पाहूं नये. रोग्यास बळेंच निजवूं नये. ज्या बैठकींत त्याला श्वास मिळतो त्याच बैठकींत त्याला न्यावें. आणि नेतांना पूर्वीचे सर्व कागद बरोबर घ्यावेत.

दुसरें असें कीं, हृदयाभोंवतीं पाणी म्हणजे कर्करोगच, असाहि ग्रह कोणी करून घेऊं नये. आपल्या देशांत क्षयानेंहि असें पाणी होतें, व तें प्रमाण मोठें आहे. आणि क्षय औषधांनीं बरा होतो. मूत्रपिंडें निकामी झाल्यास, थायरॉईड ग्रंथि मंदावल्यास, पूर्वीं छातीवर किरणोपचार झाले असल्यासहि पाणी होऊं शकतें. म्हणून काढलेलें पाणी तपासावयास पाठवितात. काकूंच्या पाण्यांत दुर्दैवानें कर्करोगाच्याच पेशी सांपडल्या.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पाणी काढल्यानें कर्करोग बरा झाला काय? नाहीं. ज्याच्या पेशी हृदयाभोंवतीच्या पाण्यांत सांपडतात असा फुप्फुसाचा कर्करोग आजच्या वर्गीकरणांत चौथ्या, म्हणजे अखेरच्या, अवस्थेंत धरतात. नळी कांहीं दिवस ठेवून पाणी येणें थांबलें म्हणजे काढतात; तरी तें पुनः सांचूं शकतें, आणि मग आवरणास लहानशी खिडकी पाडून पाण्यास वाट करून देण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. पुष्कळ रोग्यांचें आयुष्य यानंतर महिन्यांतच मोजावें लागतें, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु रोग बरा होणें निराळें आणि माणसास आराम पडणें निराळें. पहिलें आपल्या हातीं नसलें म्हणजे दुसरेंहि नाहीं, असें समजणें ही मोठी चूक होय. घुसमटून जाणें हा कर्करोगाचा अटळ शेवट नव्हे. आणि ज्यास आपण 'शांतपणें जाऊं देणें' म्हणतों, तें कित्येकदां आपल्याच मनाच्या शांतीसाठीं असतें. घरीं मरण येऊं देण्याची इच्छा थोर आहे. पण तीहि श्वास मोकळा करून मगच पुरवावी.

शिवाय, चौथी अवस्था म्हणजे सर्वांस एकच कालमर्यादा, असेंहि आतां राहिलें नाहीं. ज्यांनीं कधीं धूम्रपान केलें नाहीं अशांच्या फुप्फुसाच्या कर्करोगांत, विशेषतः आशियाखंडांतील स्त्रियांत, पेशीच्या एका विशिष्ट जनुकांत बिघाड सांपडतो. हा शोध २००४ सालचा. त्या बिघाडावर नेमकी चालणारी गोळी रोज घरीं घेतां येते. ती रोगाचें निर्मूलन करीत नाहीं; पण तिच्या योगानें रोग पुष्कळदां महिनेच्या महिने, कधीं त्याहूनहि अधिक काळ, दबून राहतो. काकूंच्या ज्या तपासणीचा निकाल यावयाचा होता तो हाच. तो पाणी काढल्यानंतर सहाव्या दिवशीं आला, आणि बिघाड सांपडला. त्या दुपारीं माजघरांतला पहिला विचारच कायम झाला असता, तर निकालाचा कागद कोणाच्या नांवें आला असता?

तथापि काकूंच्या उदाहरणावरून तंबाखूस कोणी निर्दोष ठरवूं नये. लंडन येथें डॉल आणि हिल यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीपासून आजतागायत हीच गोष्ट पुनः पुनः सिद्ध झाली आहे कीं, या कर्करोगाचें सर्वांत मोठें कारण धूम्रपान हेंच. विडीहि त्यांतून सुटत नाहीं. न ओढणारांसहि तो होतो, एवढेंच काकूंनीं दाखविलें. म्हणून रोग्याच्या उशाशीं बसून "असें काय केलें होतें" याचा हिशेब मांडूं नये.

आतां शेवटची गोष्ट. नळी काढली त्या दिवशीं काकूंनीं वडील चिरंजीवांस जवळ बोलाविलें व म्हणाल्या, "अरे, माझ्या छातींतून एवढें पाणी काढलेंत. कफाचें पाणी असें लाल नसतें, हें मला कळतें. तें कशाचें, हें सांगायचें कोणाला असतें? ज्याचें त्याला, कीं शेजाऱ्याला?" चिरंजीवांस उत्तर सुचेना. आळींतल्या चार घरांस जें ठाऊक होतें, तेंच काय तें काकूंपासून लपविलें होतें.

रोग्यापासून रोगाचें नांव लपविण्याची चाल आपल्याचकडे आहे असें नाहीं. ज्याच्या मुद्रेचे रुपये आपल्या वाडवडिलांनीं मोजले, त्या सहाव्या जॉर्ज राजाचें डावें फुप्फुस २३ सप्टेंबर १९५१ रोजीं शस्त्रक्रियेनें काढण्यांत आलें. तो कर्करोग होता. परंतु प्रजेस जाहीर करतांना फुप्फुसाच्या रचनेंत बदल झाल्याचे मोघम शब्द वापरले, आणि खुद्द राजासहि त्या रोगाचें नांव सांगितलें गेलें नाहीं असें त्याचे चरित्रकार लिहितात. ६ फेब्रुवारी १९५२ रोजीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, तो झोंपेंतच वारला. एवढ्या राज्याच्या धन्यास जें आपल्या देहाविषयीं कळलें नाहीं, तें आपल्या घरच्या आईस कळलें नाहीं यांत नवल नाहीं. पण नवल नाहीं म्हणून तें योग्यहि ठरत नाहीं.

सर्वांस सर्व कांहीं एकदम सांगावें असा आमचा आग्रह नाहीं. कांहीं माणसें स्वतःच म्हणतात, "मला सांगूं नका, तुम्हीच काय तें पाहा." त्यांची ती इच्छा मानावी. पण ती इच्छा त्यांची असावी. आपण त्यांच्या वतीनें गृहीत धरलेली नसावी. "तुम्हाला दुखण्याविषयीं किती जाणून घ्यायचें आहे?" हा प्रश्न विचारणें कठीण नाहीं. डॉक्टरांसमक्ष, घरांतील एका जाणत्या माणसानें, हात हातीं घेऊन तो विचारावा, आणि जेवढें मागितलें जाईल तेवढें खरें सांगावें. काकूंस असेंच सांगण्यांत आलें. त्यांनीं ऐकून घेतलें, थोडा वेळ डोळे मिटले, आणि मग विचारलें, "गोळी जेवणाआधीं घ्यायची कीं नंतर?"

त्या गोळीवर काकू सोळा महिने होत्या. मध्यंतरीं एकदां पाणी पुनः सांचलें, पण या खेपेस त्यांनींच पहिल्या दिवशीं सांगितलें, "पुनः तसेंच होतें आहे, चला." बँकेच्या कागदांवरचीं नांवें त्यांनीं स्वतः बसून नीट करून घेतलीं. आणि पहिल्या वैशाखांत त्या माहेरीं गेल्या. धाकट्या बहिणीशीं जमिनीच्या वांटणीवरून त्यांचा अकरा वर्षें अबोला होता. दोघी बहिणी आठ दिवस एकत्र राहिल्या. कफ धरला आहे एवढेंच ठाऊक असतें, तर "पुढें कधीं तरी" म्हणून तो अबोला तसाच राहिला असता, असें काकूंनींच मधल्या सूनबाईंस बोलून दाखविलें.

गेल्या चैत्रांत काकू घरींच वारल्या. औषधांनीं दम आटोक्यांत होता. बहीण उशाशीं होती. वडील चिरंजीव आम्हांस भेटले तेव्हां म्हणाले, "त्या दुपारीं आईचे आम्ही सोळा महिने ठरवून टाकले होते, तिला विचारलेंहि नव्हतें." ही हकीकत छापावी असें त्यांनींच सुचविलें. त्यांच्या इच्छेप्रमाणें ती येथें दिली आहे. वाचकांनीं ती आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावी, आणि जमल्यास त्याच बैठकींत त्यांस विचारून ठेवावें कीं, अशी वेळ आली तर तुम्हाला काय कळलेलें आवडेल. निरोगीपणीं हें विचारणें सोपें जातें.